सात कातडी आणि एक खोटी चिठ्ठी

पक्षिसंग्रहालयातल्या कपाटाचा खण ओढला की पाठीवर निजवलेले पक्षी ओळीने दिसतात. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पक्षी टिपणाऱ्याचे नाव. कातडे कसरीपासून वाचते ते आतून चोळलेल्या सोमलामुळे, पण पुरावा म्हणून उभे राहते ते या चिठ्ठीच्या जोरावर. चिठ्ठी गळून पडली तर नुसती पिसे उरतात. ती खोटी निघाली तर मात्र तीच पिसे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांना भलत्या रानात हिंडवतात. रानपिंगळा या घुबडाच्या बाबतीत तेच झाले.

१९९७ पर्यंत जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याची सातच कातडी होती. जिवंत पक्ष्याचा एकही विश्वासार्ह फोटो नव्हता आणि आवाजाची मुद्रित फीतही नव्हती. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून एक पक्षी पुन्हा शोधला गेला. त्याची हकीकत सांगायची तर चिठ्ठ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

पहिली चिठ्ठी डिसेंबर १८७२ ची आहे. ठिकाण बसना-फुलझर, म्हणजे आजच्या छत्तीसगडचा पूर्व भाग. पक्षी मिळवणारा एफ. आर. ब्लुइट. त्याने तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवला. आपल्याकडे ह्यूम म्हटले की काँग्रेसची स्थापना आठवते. पक्षिशास्त्रात त्याची ओळख वेगळी आहे. सिमल्याच्या आपल्या बंगल्यात त्याने हजारो पक्ष्यांचा संग्रह उभा केला होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक स्वतः चालवले होते. त्याच्या पहिल्याच खंडात, १८७३ साली, त्याने या पिंगळ्याचे वर्णन छापले. पक्षी त्याला इतका निराळा वाटला की त्याच्यासाठी त्याने ‘हेटेरोग्लॉक्स’ ही नवी प्रजातीच पाडली आणि जातीला ब्लुइटचे नाव दिले.

दुसरे कातडे १८७७ चे, आजच्या ओडिशातल्या खरियारजवळ उदेत नदीकाठचे. ते मिळवणारा व्हॅलेंटाइन बॉल हा मूळचा भूवैज्ञानिक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत दगड तपासत हिंडणारा. त्याने हा पक्षी कदाचित नेहमीच्या पिंगळ्यांच्या, म्हणजे ‘अथीन’ प्रजातीतलाच असावा, असे नोंदवून ठेवले. ह्यूम आणि बॉल यांच्यातला हा मतभेद लक्षात ठेवावा. त्याचा निकाल लागायला पुढे १४१ वर्षे गेली.

त्यानंतरची चार कातडी खानदेशातली आहेत. मुलकी सेवेतला जेम्स डेव्हिडसन या भागात नेमणुकीवर होता. १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्याने पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची कच्ची यादी प्रसिद्ध केली. यादी ‘कच्ची’ म्हटली असली तरी पन्नासएक पानांची आहे. कचेरीचे काम सांभाळून हा माणूस किती पायपीट करत असेल याचा अंदाज त्यावरून येतो. शहादा-तळोद्याकडच्या रानांत त्याला रानपिंगळा मिळाला, तोही एकदा नव्हे. पक्षी कमी होत चालला आहे हे त्याने तेव्हाच ओळखले होते. साताऱ्या-पुण्याच्या डोळ्याने आजचा शहादा पाहिला तर केळी-ऊस-कापसाचा सपाट मुलूख दिसतो. डेव्हिडसनच्या काळी त्या सपाटीवर रान होते आणि ते मोडून नांगर फिरायला लागला होता. त्याचा शेवटचा नमुना १८८४ चा.

पुढच्याच वर्षी ह्यूमने आपला सगळा संग्रह, सुमारे ८२ हजार नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच्या ग्रंथाची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकल्यामुळे त्याचे मन उडाले होते. हा प्रसंग भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. रानपिंगळ्यापुरते महत्त्वाचे एवढेच, की या जातीचा बहुतेक पुरावा भारताबाहेर एका छपराखाली गेला.

आता सातवे कातडे. त्याच्या चिठ्ठीवर तापीकाठचे मांडवी हे गुजरातेतले गाव आहे, साल १९१४ आणि नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याचे. लष्करी अधिकारी, हेर, रोजनिशी लिहिणारा, पक्ष्यांचा मोठा संग्राहक. विसाव्या शतकात या नावाचा दबदबा होता. १९५४ साली त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला भेट दिला आणि त्याबरोबर हा मांडवीचा पिंगळाही संग्रहालयात आला. त्यामुळे रानपिंगळ्याची शेवटची नोंद एका फटक्यात तीस वर्षे पुढे सरकली आणि त्याच्या मुलखात गुजरातची भर पडली. नोंद संदर्भग्रंथांत शिरली. पुढचे लेखक मागच्यांवरून उतरवून घेत राहिले.

तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. सालिम अलींनी १९३७ मध्ये माइनर्ट्झहागेनबरोबर अफगाणिस्तानची मोहीम केली होती. माणूस स्वभावाने कसा आहे हे त्यांना चांगलेच कळले असणार, पण त्याच्या चिठ्ठ्या खोट्या असतील असा संशय घ्यायला त्यांच्यापाशी कारण नव्हते. १९७० च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. पक्षी मिळाला नाही. रिप्लींनी १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये या जातीवर टिपण लिहिले. त्यानंतर पक्षी नामशेष झाला असावा, हे मत हळूहळू घट्ट होत गेले.

मध्यंतरी ‘दिसला’ असे सांगणारे कमी नव्हते. पण खेड्यापाड्यांत, वडाच्या ढोलीत, विजेच्या तारेवर दिसणारा ठिपकेवाला पिंगळा आणि हा रानपिंगळा ओझरते पाहिले तर सारखेच वाटतात. खुद्द पुस्तकांतली चित्रेच धड नव्हती, कारण चित्रकारांपुढे होती ती जुनी, रंग उडालेली कातडी.

रिप्ली दक्षिण आशियाच्या पक्ष्यांचे मार्गदर्शक पुस्तक तयार करत होते. त्यांची प्रकृती ढासळल्यावर हे काम त्यांच्या सहकारी पामेला रासमुसेन यांच्याकडे आले. पुस्तकासाठी प्रत्येक जातीच्या नोंदी मुळापासून तपासायच्या, हा त्यांचा शिरस्ता. त्याच सुमारास बर्डलाइफ इंटरनॅशनलचे नायजेल कॉलर आशियातल्या संकटग्रस्त पक्ष्यांचा जाडजूड ग्रंथ रचत होते आणि त्यांनाही रानपिंगळ्याची प्रत्येक नोंद पारखून घ्यायची होती. एकीला पक्षी ओळखायचा होता, दुसऱ्याला त्याचा धोका मोजायचा होता. दोघांचे काम त्याच सात कातड्यांशी येऊन थांबले. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्झहागेनच्या काही छोट्या पक्ष्यांच्या नमुन्यांत लबाडी असल्याचे छापून दाखवले होते. परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल त्याला ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिदालनात अठरा महिने बंदी होती, हेही जुन्या कागदांत होते. तेव्हा सातव्या चिठ्ठीकडे निराळ्या नजरेने पाहणे भागच होते.

ही तपासणी कशी चालते हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. पक्ष्याचे कातडे भरणे हे हातकाम आहे. पोटावर चीर कुठून कुठपर्यंत द्यायची, पंखांची आणि पायांची कोणती हाडे ठेवायची, कवटी मागून किती कापायची, कापूस गुंडाळून भरायचा की कोंबायचा, टाके किती अंतरावर घालायचे, पाय कसे बांधायचे, या प्रत्येक गोष्टीत माणसागणिक सवय ठरते. स्वाक्षरीसारखीच ती सहजी लपवता येत नाही. चिठ्ठी बदलता येते, कापूस काढून नवा भरता येतो, टाके उसवून पुन्हा घालता येतात, पण हाडे जिथे छाटली तिथेच छाटलेली राहतात, आणि क्ष-किरणांखाली ती दिसतात. मांडवीचे कातडे असे तपासले तेव्हा ते एकदा भरून, नंतर उसवून, दुसऱ्यांदा भरले गेल्याचे दिसले. आतली मूळची घडण माइनर्ट्झहागेनच्या इतर पक्ष्यांशी जुळेना. ती जुळत होती डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात भरलेल्या कातड्यांशी.

निष्कर्ष सरळ होता. माइनर्ट्झहागेनने हा पक्षी तापीकाठी टिपलाच नव्हता. त्याने डेव्हिडसनचा नमुना संग्रहालयातून उचलला, उसवला, पुन्हा शिवला आणि नव्या चिठ्ठीसह त्याच संग्रहालयाला भेट दिला. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेल्या फौजेत तो होता आणि नोव्हेंबरात टांगाच्या लढाईत होता. त्या वर्षी पिंगळे टिपायला त्याला किती उसंत होती हा प्रश्न त्यामुळे उरतोच, पण तो आनुषंगिक. खरा पुरावा कातड्यात होता. रासमुसेन आणि कॉलर यांनी हा सगळा तपशील १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडला. पुढे रासमुसेन आणि संग्रहालयाचे रॉबर्ट प्रीस-जोन्स यांनी माइनर्ट्झहागेनचा मोठा संग्रह चाळून काढला आणि चोरीचे नमुने एक-दोन नाहीत हे उघड झाले.

मात्र खोटी चिठ्ठी काढून टाकल्यावर जे उरले, त्याचे मोल अधिक आहे. गुजरात गळाले. १९१४ गळाले. शिल्लक राहिली ती १८८४ पर्यंतची सहा कातडी आणि त्यांवरची मोजकी ठिकाणे. म्हणजे शोधायचे कुठे, ते आता नेमके ठरले होते: पूर्वेला फुलझर आणि खरियार, पश्चिमेला शहादा-तळोदा. सातवे कातडेही डेव्हिडसनचेच निघाल्यामुळे पारडे खानदेशाकडे झुकले होते, हे माझे अनुमान.

‘आयबिस’मधला निबंध छापून येण्याआधीच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणे धुंडाळली. तिथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याला आले. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवरची सपाटीची राने आता शेते झाली होती, म्हणून त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या, अजून साग उभा असलेल्या टेकड्या धरल्या. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका उघड्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. छातीवर सलग तपकिरी रंग, खाली पोट पांढरेशुभ्र. पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या दांडग्या. कातड्यांवरून पाठ केलेली एकेक खूण जिवंत पक्ष्यावर जुळत गेली. फोटो निघाले, व्हिडिओ निघाला. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदीत आला.

वर्तमानपत्रांत गाजला तो हाच दिवस. मला मात्र त्यानंतरची वीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात, कारण एक पक्षी दिसल्याने जात वाचत नाही. किती आहेत, कुठे आहेत, खातात काय, वीण कधी घालतात, मरतात कशाने, यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. हे काम उचलले बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणांसह चौदा वनक्षेत्रे पालथी घातली. २००० साली त्यांचा निबंध आला तेव्हा हिशेब होता चार ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी. सगळे उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेशात: तोरणमाळ, तळोदा, मेळघाट, खंडवा या पट्ट्यात. फुलझर-खरियारकडे एकही नाही.

या शोधाची किल्ली आवाजात सापडली. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी १९९९ मध्ये रानपिंगळ्याच्या आवाजांवर आणि वागणुकीवर मिळून निबंध लिहिला. जोडीला बोलावण्याची साद वेगळी, हद्द सांगण्याची वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीत प्रणयकाळ ऐन भरात असतो. तेव्हा मुद्रित साद वाजवली की पक्षी उत्तर देतो, कधी कधी समोर येऊन बसतो. सागाच्या जंगलात डोळ्यांनी न सापडणारा पिंगळा असा कानाने मोजता येऊ लागला. पुढची सारी सर्वेक्षणे या युक्तीवर उभी आहेत.

आणि हा पक्षी दिवसा वावरणारा निघाला. घुबड म्हणून रात्री बॅटऱ्या घेऊन शोधणाऱ्यांच्या हाती तो का लागला नसता, हे त्यावरून समजते. थंडीच्या सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर तो ऊन खात बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो. शिकार बहुतेक सकाळीच उरकतो. दहानंतर फारसा हलत नाही. भक्ष्यात जवळजवळ साठ टक्के वाटा सापसुरळ्या-सरड्यांचा, मग उंदीर, किडे, बेडूक, एखाददुसरा लहान पक्षी. ढोलीत मादी अंड्यांवर बसते, नर शिकार आणून देतो, आणि पिल्ले महिन्याभराने बाहेर पडतात. नराने स्वतःची पिल्ले खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. अभ्यासकांनी त्या गाळल्या नाहीत, हे त्यांच्या कामाची पत सांगते.

पुढे सोसायटीचे गिरीश जठार मेळघाटात उतरले. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मध्य भारतातल्या जंगलांचे सर्वेक्षण केले. २००८ साली ते प्रसिद्ध झाले. खंडव्याच्या कालीभीत रानात त्यांचे पथक वर्षानुवर्षे राहिले. तिथे रानपिंगळा, ठिपकेवाला पिंगळा आणि जंगली पिंगळा एकाच रानात राहतात. तिघांनी ओकलेल्या गोळ्या फोडून, त्यातली हाडे आणि पंख वेगळे करून कोण काय खातो हे या मंडळींनी पाहिले. धोके नोंदले गेले तेही याच फिरस्तीतून: अतिक्रमणाने तुटणारे रान, सरपणासाठी जाणारी जुनी, ढोलीची झाडे, वणवे आणि जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची हत्या. शेवटचा धोका संग्रहालयातल्या कातड्यावरून कोणालाच कळला नसता. तो पाड्यावर बसून, लोकांचा विश्वास मिळवूनच कळतो.

२०१४ मध्ये सुनील लाड यांना रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईकर ज्या तलावाचे पाणी पितात त्याच्या काठचे हे रान. पक्षी सातपुड्यातून एकदम सह्याद्रीच्या उत्तर टोकाला निघाला. पाठोपाठ नाशिक जिल्ह्यात हरसूलची नोंद झाली. आणि २०१५ मध्ये जेनिस पटेल व सहकाऱ्यांनी डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातून नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे गुजरातेतून.

इथे थोडे थांबायला हवे. खोट्या चिठ्ठीमुळे यादीत आलेले आणि लबाडी उघडी पडल्यावर खोडलेले राज्य सोळा वर्षांनी खऱ्या पक्ष्यासह परत आले. मग माइनर्ट्झहागेन खरा ठरला का? मुळीच नाही. त्याच्या हातात होता तो खानदेशचा पक्षी. मांडवी त्याने कागदावर लिहिली. लिहिताना त्याने भूगोल शहाणपणाने निवडला एवढेच दिसते, आणि चांगला खोटारडा तेवढे करतोच. गुजरातच्या यादीत रानपिंगळ्याची पहिली नोंद म्हणून २०१५ चाच निबंध मानायचा. रासमुसेन-कॉलर यांनी १९९९ साली गुजरात खोडले तेही बरोबरच होते, कारण तेव्हा तिथला एकही खरा पुरावा नव्हता.

२०१८ हे वर्ष या पक्ष्याच्या कागदपत्रांत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी जनुकीय तपासणी करून दाखवले की रानपिंगळा ‘अथीन’ प्रजातीच्या फांदीतच बसतो. खरियारच्या भूवैज्ञानिकाचा तर्क बरोबर होता, ह्यूमची वेगळी प्रजाती टिकली नाही. या सहा नावांमागे रानातले पथकही आहे आणि प्रयोगशाळाही. असा निबंध एका संस्थेच्या आवाक्यातला नव्हता.

दुसरे कारण धोक्यातल्या जातींची लाल यादी. आययूसीएनने त्याच वर्षी रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. बातम्यांनी याला पक्ष्याची भरारी म्हटले. कागद नीट वाचले तर पायरी बदलली ती नवी ठिकाणे सापडल्यामुळे, शोधणारे कान आणि डोळे वाढल्यामुळे. पक्षी वाढले असे कुठेही म्हटलेले नाही. तानसा-पूर्णाचे रानपिंगळे २०१४ च्या आधीही तिथे असणार, त्यांना मोजायला कोणी गेले नव्हते. नव्या वर्गातही प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतला आहे. संख्या खरोखर वाढते आहे का, हे ठरवायला त्याच हद्दी, त्याच जानेवारी-फेब्रुवारीत, त्याच पद्धतीने साद वाजवून वर्षानुवर्षे मोजाव्या लागतात.